सूर्य मावळला, एवढंच

आमच्या आजीचं एक वाक्य होतं. रोज संध्याकाळी देवापाशी निरांजन लावून झालं की ती माजघरातूनच, जरा वरच्या पट्टीत म्हणायची, ‘‘दिवे लागले गं.’’ ते कुणा एकाला उद्देशून नसायचं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्यालाच आहे असं वाटायचं. अंगणातली आम्ही पोरं खेळ टाकून पाय धुवायला पळायचो. आई दोरीवरचे कपडे काढायला जायची. काका पत्त्यांचा डाव आवरता घ्यायचे. आणि दुपारपासून पुढच्या खोलीत ठाण मांडून बसलेला एखादा पाहुणा असलाच, तर तो हळूच चपला शोधू लागायचा. तीन शब्दांत घरातली चार-पाच कामं मार्गी लागायची, आणि त्यांतलं एकही काम त्या तीन शब्दांत नव्हतं.

पुढे एम.ए.ला संस्कृत काव्यशास्त्र शिकताना हेच वाक्य पुस्तकात भेटलं आणि मी वर्गात एकटीच हसले. ‘गतोऽस्तमर्कः’. सूर्य मावळला. एवढ्याशा वाक्यावर आपल्या काव्यशास्त्रात किती शतकं खल चाललाय! जुना काव्यशास्त्रकार भामह म्हणतो, सूर्य मावळला, चंद्र चमकतोय, पाखरं घरट्याकडे निघाली, याला काय काव्य म्हणायचं? ही तर नुसती वार्ता. दंडी जरा मवाळ. तो तीच ओळ घेतो आणि म्हणतो, वेळ कुठली ते सांगायचं असेल तर हेही ठीकच आहे की. मग अकराव्या शतकात काश्मिरातला मम्मट ‘काव्यप्रकाशा’त तेच वाक्य उचलतो आणि विचारतो, हे कोण कुणाला म्हणतंय? राजाला म्हटलं तर शत्रूवर तुटून पडायची वेळ झाली. अभिसारिकेला, प्रियकराला चोरून भेटायला जाणारीला, म्हटलं तर निघ आता. मजुरांत कुणी म्हटलं तर चला, काम थांबवू. गुराख्याला म्हटलं तर गाई आत घ्या. दुकानदाराला म्हटलं तर माल आवरा. कुणाला संध्या करायची आठवण, कुणाला फार लांब जाऊ नकोस हा इशारा. आणि एखादी वाट बघणारी स्वतःशीच म्हणाली असेल, तर अजून आला नाही तो.

भामहाला जी बातमी वाटली तीत मम्मटाला हे सगळं गाव ऐकू आलं. मधल्या काळात आनंदवर्धन होऊन गेला होता.

काश्मीरच्या अवंतिवर्म्याच्या राजवटीत (८५५ ते ८८३) जी कविमंडळी नावारूपाला आली त्यांत कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’नं आनंदवर्धनाचं नाव घेतलंय. त्याच्या ‘ध्वन्यालोका’ची सुरुवातच अशी आहे, की काव्याचा आत्मा ध्वनी, असं जाणत्यांनी पूर्वीच सांगून ठेवलं आहे. नवी गोष्ट सांगायची आणि ती आधीच्यांच्या नावावर खपवायची, ही आपल्याकडची जुनी नम्रता. की जुनी हुशारी? शब्द मात्र त्यानं खरोखरच उसना घेतला, वैयाकरणांकडून. ते म्हणत, आपण तोंडानं एकामागून एक वर्ण उच्चारतो, ते विरून जातात, आणि तरी त्यांच्यातून एक सबंध शब्द मनात उमटतो. जे ऐकू येतं त्याला ते ध्वनी म्हणत. आनंदवर्धनानं हा शब्द एक पायरी वर नेला. शब्द आणि त्याचा सरळ अर्थ हे दोघंही स्वतः मागे राहून तिसऱ्याच एका अर्थाला पुढे करतात, तिथे ध्वनी.

परीक्षेत मी लिहून आले होते, ‘ध्वनी म्हणजे काव्यातला गूढ अर्थ.’ आमच्या बाईंनी समासात लाल शाईनं लिहिलं : ‘गूढ कशाला? ऐकू येतो की!’ तो शेरा मला पुढे फार उपयोगी पडला. कारण गूढ अर्थ म्हटलं की आपण कविता उकरायला लागतो, साल सोलून बी शोधावी तसे. आनंदवर्धनाच्या परंपरेतली उपमा वेगळी आहे. घंटेवर टोला पडतो, तो थांबतो, आणि मग जे हवेत रेंगाळत राहतं ते अनुरणन. ध्वनीच्या एका मोठ्या प्रकाराला तो ‘अनुस्वानासारखा’ म्हणतो. टोला नसेल तर अनुरणन नाही. पण टोला म्हणजे अनुरणनही नाही.

आता जी गंमत सांगायची ती मराठी माणसानं तरी विसरू नये अशी आहे. काश्मिरात बसून ध्वनी समजावताना आनंदवर्धन पहिलं उदाहरण घेतो ते आपल्या गोदावरीकाठचं. हालाच्या ‘गाथासप्तशती’तली, महाराष्ट्री प्राकृतातली गाथा :

भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ देण ।
गोलाणइकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण ॥

मोठ्यानं वाचून बघा. ‘अज्ज’ म्हणजे आज, ‘मारिओ’ म्हणजे मारला, ‘गोलाणई’ म्हणजे गोदा नदी. अर्धी गाथा आपल्याला न शिकता कळते. एक बाई एका धार्मिक बुवांना सांगतेय : बुवा, आता खुशाल हिंडा. ते कुत्रं होतं ना, त्याला आज मारलं. गोदेच्या काठच्या त्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं.

बुवा रोज फुलं तोडायला त्या झाडीत यायचे. बाईची तिथे कुणाशी तरी भेट ठरलेली असायची. कुत्र्याला बुवा बिचकायचे, पण तरी यायचे. आता ती म्हणतेय कुत्रं मेलं, निर्धास्त या. आणि सिंहाचा पत्ताही देतेय. वाक्य आमंत्रणाचं, अर्थ बंदीचा. ‘येऊ नका’ हे शब्द गाथेत कुठेही नाहीत. ‘भीती’ हा शब्द नाही. ‘प्रेम’ तर नाहीच नाही. मला या गाथेत सगळ्यात आवडतो तो ‘वीसत्थो’, निर्धास्त. तो शब्द जितका गोड म्हणावा तितका बुवांच्या पोटात गोळा मोठा. तिचा आवाज कसा लागला असेल, याचा मी कितीदा विचार केलाय. हसू दाबून? की अगदी साळसूदपणे, कडेवरची घागर सावरत? गाथा ते सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याला तो आवाज लावल्याशिवाय गाथा कळतही नाही.

दुसरं उदाहरण कालिदासाचं. ‘कुमारसंभवा’च्या सहाव्या सर्गात ऋषी हिमालयाकडे शंकरासाठी पार्वतीचा हात मागायला येतात. बोलणं चाललंय वडिलांशी. मुलगी शेजारी उभी. कालिदास लिहितो :

एवंवादिनि देवर्षौ पार्श्वे पितुरधोमुखी ।
लीलाकमलपत्राणि गणयामास पार्वती ॥

देवर्षी असं बोलत असता, वडिलांच्या बाजूला मान खाली घालून उभी असलेली पार्वती हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजत राहिली. संपला श्लोक. लाजली असं नाही, आनंदली असं नाही. तिनं इतकी वर्षं केलेल्या तपाचा उल्लेख नाही. पाकळ्या मोजल्या. बोटं, पाकळ्या, खाली गेलेली मान, आणि कानावर पडणारं मोठ्या माणसांचं बोलणं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, बघा, कालिदासानं क्लोजअप शोधला! मला या उत्साहाचा कंटाळा आहे. कालिदासानं श्लोक लिहिला आणि तो उत्तम लिहिला, तेवढं पुरे. पण सिनेमा करणाऱ्या माणसानं हा श्लोक वाचला तर त्याला एक गोष्ट नक्की दिसेल, की चित्र एकीकडे आहे आणि आवाज दुसरीकडे. बोलतायत ऋषी, दिसतेय पार्वती. ज्याच्या तोंडी वाक्य आहे त्याच्यावर कॅमेरा ठेवलेला नाही.

सिनेमात आवाजाचं पहिलं काम साधं, अभिधेचं, म्हणजे सरळ अर्थ सांगण्याचं. दार दिसलं, दार वाजलं. त्यासाठीसुद्धा केवढा खटाटोप! पडद्यावरच्या माणसाची पावलं पुष्कळदा स्टुडिओत दुसऱ्याच कुणाच्या पायांनी वाजवलेली असतात, कापडाची सळसळ कुणीतरी माइकसमोर कापड चोळून काढलेली असते. आणि एक गोष्ट मला एका छोट्या माहितीपटाच्या कामात कळली : शांततासुद्धा मुद्दाम रेकॉर्ड करावी लागते.

जात्यावरच्या ओव्यांवरचा माहितीपट होता. मी त्यात लिहायला होते. एका घरी, सत्तरीच्या पुढच्या एक आजी जात्याशी बसून गात होत्या. गाणं झालं, बोलणं झालं, आम्ही आवरायला लागलो, तर आवाजाचं बघणारा मुलगा म्हणाला, ‘‘थांबा, रूम टोन घ्यायचाय. तीस सेकंद कुणी हलू नका.’’ सगळे होते तिथे थिजले. आजींचा हात खुंट्यावरच राहिला. बाहेर कोंबडी पायानं काहीतरी उकरत होती. पत्र्यावर पान घासलं. त्या तीस सेकंदांत मला जात्याची घरघर ऐकू येत होती, आणि जातं तर थांबलेलं. वेळ संपली तशी आजींनी विचारलं, ‘‘काय ऐकत होता रं?’’ तो म्हणाला, ‘‘काहीच नाही, आजी. तेच पाहिजे होतं.’’ त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की हा पोरगा बरा दिसतो, पण असा का?

घरघर थांबल्यावरची ती घरघर, तेच अनुरणन असं मला तेव्हा वाटलं. आणि त्यानंतर आम्ही काय केलं? एडिटिंगला बसलो आणि त्या आजींच्या बोलण्याखाली बासरी घातली. करुण बासरी. माझीच सूचना होती ती, दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही. त्या आपल्या मेलेल्या लेकीबद्दल बोलत होत्या, अगदी कोरड्या आवाजात, मधेच ‘दळण जाडच पडलं आज’ असं म्हणत. बासरीनं त्या कोरडेपणाची माती केली. ‘दळण जाडच पडलं’ या वाक्यात जे काही होतं ते गेलं. आता ऐकणाऱ्याला आधीच सांगून झालं होतं की इथे रडायचं आहे.

काव्यशास्त्रात या चुकीला नाव आहे. स्वशब्दवाच्यता. मम्मटानं रसाच्या दोषांत ती मोजलीय : रसाला, भावाला त्याच्या नावानं हाक मारणं. कवितेत ‘शृंगार, शृंगार’ म्हटल्यानं शृंगार होत नाही, हे आनंदवर्धनानंही सांगितलं होतं. माणसं दाखवा, प्रसंग दाखवा, बोटं पाकळ्यांवर कशी फिरतात ते दाखवा. रस आपोआप येईल, नाही आला तर नाही आला. पण त्याला नावानं बोलवाल तर तो दारातूनच परत जाईल. आजच्या मालिका बघताना मला सारखं वाटतं की पार्श्वसंगीत ही आपली नवी स्वशब्दवाच्यता आहे. सून दारात उभी राहिली की ढॅण. सासू वळली की ढॅण, आणि तेच तीन वेळा तीन बाजूंनी. व्हायोलिन म्हणतं ‘करुण’, ड्रम म्हणतो ‘रौद्र’. लहान मुलाला घास भरवताना आपण जसं ‘हा चिऊचा, हा काऊचा’ सांगतो, तसं प्रत्येक रसाचं नाव सांगून भरवणं चाललेलं असतं.

संगीतच नको असं मात्र नाही. सत्यजित रायांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) हरिहर फार दिवसांनी घरी येतो. मुलगी गेल्याचं त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवतो, दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो. सर्वजया ती साडी तोंडाशी धरून कोसळते, तोंड उघडतं, आणि तिचा आवाज येत नाही. त्या जागी तारशहनाई, गजानं वाजवायचं तंतुवाद्य, उठते, चढी, कापत जाणारी. संगीत रविशंकरांचं, तारशहनाई दक्षिणामोहन टागोरांनी वाजवलेली. इथे वाद्य ‘दुःख’ म्हणत नाही. ते आईच्या रडण्याची जागा घेतं, आणि आपण जे ऐकलं नाही ते आपल्याला आयुष्यभर ऐकू येत राहतं. टोला काढून टाकला आणि फक्त अनुरणन ठेवलं, असा हा उलटा प्रकार.

ऋत्विक घटक आणखी पुढे गेले. ‘मेघे ढाका तारा’त (१९६०) नीता, जिच्या पगारावर अख्खं घर जगतंय ती, ज्याच्यासाठी थांबली त्या माणसाच्या घरी आपलीच बहीण आहे हे कळल्यावर जिना उतरू लागते. आणि चाबकाचा फटकारा ऐकू येतो. तिथे चाबूक नाही, मारणारा नाही, घोडा नाही. पहिल्यांदा पाहताना मी दचकले आणि थोडी चिडलेही, हे काय भलतंच! मग काव्यशास्त्राच्या वहीतलं पान आठवलं. शब्दाचा सरळ अर्थ जागेवर बसेनासा झाला की मन दुसरा अर्थ शोधायला निघतं. याला मुख्यार्थबाध म्हणतात. गंगेवर गवळीवाडा आहे म्हटलं तर वाहत्या पाण्यावर वाडा कसा असेल, म्हणून तो काठावर असं आपण समजून घेतो. आणि ‘काठावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्यानं तिथला गारवा आणि पावित्र्य बरोबर येतं. वाल्मीकीनं हेमंतातल्या धूसर चंद्राला निःश्वासानं आंधळ्या झालेल्या आरशाची उपमा दिली. आरसा आंधळा कसा होईल? त्याला डोळे कुठेत? पण ‘अंध’ हा शब्द आपला सरळ अर्थ टाकून देतो आणि मगच आरशावरचा वाफारा दिसतो. आनंदवर्धनानं या जातीच्या ध्वनीला वेगळं नाव दिलं : अविवक्षितवाच्य. सरळ अर्थ तिथे अभिप्रेतच नसतो. घटकांचा चाबूक या जातीचा.

दुसरी जात अवघड. तिथे सरळ अर्थ जागच्या जागी राहतो, त्याला कुणी हलवत नाही, आणि तरी पलीकडचं ऐकू येतं. पार्वतीच्या पाकळ्या पाकळ्याच असतात. आजीचे दिवे दिवेच असतात. मला स्वतःला ही दुसरी जात जास्त प्रिय आहे आणि तिचं सिनेमातलं उदाहरण द्यायचं तर मी आपल्या ‘कुंकू’चं देते.

बोलपट हा शब्दच बघा. आपण त्याला ध्वनिपट न म्हणता बोलपट म्हटलं. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठीतला पहिला बोलपट, दिग्दर्शन शांतारामबापूंचं. पडद्यावरची माणसं बोलतात आणि गातात याचीच नवलाई इतकी, की बाकी आवाजांकडे कोण लक्ष देतो! त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच प्रभातमध्ये त्याच शांतारामबापूंनी ‘कुंकू’ केला, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून. फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांच्या गळ्यात बांधलेली मुलगी, शांता आपटे. काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. आणि या सिनेमाला नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतं ते त्या घरातलं. माणसांचं बोलणं, भांडी, पावलं, आणि भिंतीवरचं जुनं घड्याळ.

मी तो पहिल्यांदा ऐकला असं म्हणणं जास्त बरोबर. दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा असायचा त्या काळात. तोवर काचबिंदूनं आजीची दृष्टी गेली होती. ती टीव्हीकडे तोंड करून नाही, कान करून बसायची, जरा तिरपी. तिच्याशेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं काम माझं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. ‘‘आता ती उभी आहे.’’ ‘‘आता तो म्हातारा आला.’’ मी अगदी मन लावून सांगत होते. अर्धा तास झाला असेल-नसेल, आजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, ‘‘नको सांगूस. येतंय ऐकू.’’

मग मीही सांगायची थांबले आणि घड्याळाकडे माझं लक्ष गेलं. पडद्यावरच्या नव्हे, आमच्या. आमच्याही पुढच्या खोलीत एक लंबकाचं घड्याळ होतं, आजोबांच्या वेळचं. दर रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर बाबा त्याला किल्ली द्यायचे. त्याच्याच खाली आजी-आजोबांचा एक फोटो होता. आजोबा खुर्चीत बसलेले, पगडी, पांढऱ्या मिशा. आजी शेजारी उभी, नऊवारीत, नाकात भली मोठी नथ, चेहरा इवलासा. लहानपणी कितीतरी वर्षं मी त्यांना आजीचे वडील समजत असे.

सहृदय, म्हणजे काव्याचा खरा रसिक कोण, याची व्याख्या ‘ध्वन्यालोका’चा टीकाकार अभिनवगुप्त यानं केली आहे : काव्याच्या सततच्या अभ्यासानं ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झालाय आणि वर्ण्य गोष्टीशी जे एकरूप होऊ शकतात, ते. मला ही व्याख्या मान्य आहे, पण अभ्यास काव्याचाच असायला हवा असं काही मला वाटत नाही. महिमभट्टाचं म्हणणं तर असं, की ध्वनी वगैरे काही नाही, हे सगळं अनुमान. धूर दिसला, आग कळली, झालं. बुद्धीला पटतं ते. पण आग एकदा कळली की धुराकडे परत कोण बघतो? गाथेतल्या बाईचं कपट मला पंचवीस वर्षांपूर्वीच कळलंय, तरी ‘वीसत्थो’ म्हणताना अजून जीभ थांबते.

नागराज मंजुळ्यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याच्या घरचे डुक्कर धरायला धावतायत, गाव बघतंय, हसतंय. डुक्कर आता हातात येणार, तेवढ्यात शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे उभे राहतात. जब्याही ताठ उभा राहतो. डुक्कर मात्र निघून जातं, त्याला काय! इथे आवाजाचा सरळ अर्थ पूर्ण शाबूत आहे : शाळा आहे, राष्ट्रगीत आहे, उभं राहायचं असतं. एक सूरही इकडचा तिकडे केलेला नाही. आणि त्या ताठ उभ्या पोराकडे बघताना त्या ओळखीच्या शब्दांत जे काही ऐकू येतं, ते मला अजून नीट लिहिता आलेलं नाही. तीन वर्षांनी ‘सैराट’ आला. गाण्यांनी दुमदुमलेला, थिएटरात शिट्ट्या आणि नाच. शेवटाला पडद्यावरचा आवाजच नाहीसा होतो. मी पाहिला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी नेहमीच्या सवयीनं ओरडलं, ‘‘ए, आवाज!’’ मशीन बिघडलं असं वाटलं असणार त्याला. आणि मग ते लहान मूल लाल पावलं उमटवत दारातून बाहेर जाताना दिसलं आणि तोही गप्प झाला. दिवे लागले तरी आम्ही खुर्च्यांतच. बाहेर पडताना दारापाशी कुणीतरी कुणालातरी हळू आवाजात गाडीची किल्ली मागत होतं, तेवढा एक आवाज मला आठवतो.

त्या शनिवारी ‘कुंकू’ संपला तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला. एरवी सिनेमा संपला की लगेच पानं घ्यायची गडबड असायची. त्या दिवशी कुणी उठलं नाही. आजीनं विचारलं, ‘‘दिवे लागले का गं?’’ दृष्टी गेल्यापासून ती असं विचारायची. दिवे केव्हाच लागले होते. आई नुसतं ‘हो’ म्हणाली आणि बसून राहिली.

आमचं घड्याळ चालू होतं. एरवी ते ऐकू यायचं नाही, घरातलं घड्याळ कुणाला ऐकू येतं? बाबा उठले. घड्याळाचं काचेचं दार उघडलं आणि लंबक हातानं धरला. किर्रकन वाजलेलं ते दार, आणि मग काहीच नाही. स्वयंपाकघरातल्या नळाचे थेंब मला पहिल्यांदाच मोजता आले.

आजीनं मान जरा तिरपी केली.

‘‘सोड रे,’’ ती म्हणाली. ‘‘चालू दे. किल्ली संपली की थांबेल आपलं.’’